‘श्राव्य’ गटातील विद्यार्थिनी

आमच्या मिश्र अध्ययनाच्या वर्गाला आठवड्यात तीन तास प्रत्यक्ष अध्यापन आणि दोन तास स्वयंअध्ययन असते. सत्राच्या आरंभी मी अध्ययनशैली, म्हणजे ज्याची-त्याची शिकण्याची आवडती पद्धत, ओळखण्यासाठीच्या नील फ्लेमिंग यांच्या ‘व्हार्क’ प्रश्नावलीवरून विद्यार्थ्यांचे दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे गट पाडले आणि स्वयंअध्ययनाचे साहित्य ज्याच्या-त्याच्या गटापुरतेच उघडेल अशी व्यवस्था मोठ्या कष्टाने केली.

विद्युत परिपथाच्या तोंडी परीक्षेत श्राव्य गटातल्या एका विद्यार्थिनीने सगळ्या व्याख्या बिनचूक सांगितल्या. मग मी दोन बल्ब समांतर जोडलेला परिपथ तिच्यासमोर ठेवला आणि यातला एक काढला तर दुसऱ्याचे काय होईल, असे विचारले. “तोही विझेल, मॅडम. वाटच तुटते ना!” मी बल्ब काढला, दुसरा तसाच पेटत राहिला आणि तिचा चेहरा उतरला. ध्वनिफीत आपण सहा वेळा ऐकली, असे ती हळूच म्हणाली. आकृती मात्र तिला एकदाही पाहायला मिळाली नव्हती, कारण ती ‘दृश्य’ गटासाठी मीच राखून ठेवली होती. ही गोष्ट मला फार लागली.

तो तास मी तिच्यासोबतच घालवला. पुस्तक मिटून तिने कोऱ्या कागदावर परिपथ काढला, तर तो एकसर जोडणीचा, म्हणजे दोन्ही बल्ब एकाच वाटेवर असलेला निघाला. मग समोरच्या तारांवरून बोट फिरवत ती विद्युतधारेचा मार्ग शोधू लागली, दोनदा चुकली, आणि तिसऱ्या आकृतीत तिने तारा फुटतात तो बिंदू स्वतःहून ठळक केला. “इथे दोन वाटा होतात. एक तुटली तरी दुसरी पुरी राहते.”

अध्ययनशैलीनुसार शिकवल्याने अध्ययन सुधारते, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडला होता. मी तो वाचलाही होता, पण आपल्या वर्गाला लावून पाहिला नव्हता. आवडीचे माध्यम प्रत्येकाला असते, हे मला आजही मान्य आहे. परंतु परिपथाची रचना आकृतीशिवाय कळत नाही आणि उच्चार ऐकल्याशिवाय येत नाही, म्हणजे माध्यम ठरवताना आधी आशयाकडे पाहायला हवे.

त्याच संध्याकाळी मी सर्व साहित्य सर्वांसाठी खुले केले आणि प्रत्येक घटकाच्या शेवटी, साहित्य बंद करून आठवेल ते लिहिण्याची किंवा रेखाटण्याची कृती जोडली. ती विद्यार्थिनी अजूनही ध्वनिफितीपासूनच सुरुवात करते, मात्र आता ऐकताना शेजारी कागद घेऊन बसते.