अडीच हजारात मेकॅनिकल कीबोर्ड, तोही मराठी टायपिंगला

मी घरून भाषांतराचं काम करते, दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड लेआउट) टायपिंग. जुन्या कीबोर्डचं डी बटण जवळजवळ गेलंच होतं आणि इनस्क्रिप्टमध्ये डीवर हलन्त असतो, म्हणजे जोडाक्षरांची वाट, 'प्रश्न' लिहायला जावं तर 'परशन' उमटायचं. बजेट अडीच हजार, वर एक रुपया नाही.

ऑनलाइन बघताना एक धरून ठेवा, 'मेकॅनिकल फील' लिहिलं असेल तर तो मेम्ब्रेनच असतो, आत रबर आणि वर रंगीत दिवे. खऱ्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो आणि विकणारा स्विचचं नाव नाहीतर रंग तरी आवर्जून लिहितोच. हे आता आपल्या बजेटात येतात कारण चेरी या जर्मन कंपनीचं एमएक्स स्विचचं पेटंट संपलं आणि ओटेमू, गेटरॉन, कैल वगैरे चिनी कंपन्यांनी त्याच धर्तीचे स्विच काढले. मला परवडणाऱ्यांत बहुतेक ओटेमूवालेच दिसत होते.

मग रंग. स्विचच्या रंगावरून त्याचा आवाज आणि जोर कळतो. व्हिडिओ बघून सगळे खटखट वाजणाऱ्या निळ्याच्या प्रेमात पडतात, पण आमचं डोंबिवलीचं वन रूम किचन, मी रात्री उशिरापर्यंत टाइप करते आणि पलीकडे सासूबाई झोपलेल्या. लॅमिंग्टन रोडला जाऊन निळ्यावर दोन ओळी बडवल्या तर बाजूच्या काउंटरवरचा गिऱ्हाईक वळून बघायला लागला. दुकानदार म्हणाला, "ताई, हाच जास्त चालतो, लायटिंग बघा ना." म्हटलं, दादा, लायटिंगला घरी ट्यूबलाइट आहे, ब्राऊन दाखवा. लालही चालवून बघितला, आवाज कमी पण इतका हलका की बोट नुसतं टेकलं तरी नको ती मात्रा पडायची. चेरीच्या लालला ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो, ब्राऊनला ५५, आकडा वाचून काही वाटत नाही पण बोटांना लगेच कळतं. ब्राऊनला मधे बारीकसा अडथळा लागतो, खटका नाही, माझ्यासाठी तोच बरा.

साइजला फार डोकं लावलं नाही. ६० टक्केवाले दिसायला गोंडस पण अ‍ॅरोची बटणं नाहीत, आणि भाषांतरात अर्धा वेळ मागेपुढे करून दुरुस्त्याच चालतात. म्हणून ८७ बटणांचा टीकेएल, म्हणजे उजवीकडचा नंबरपॅड नसलेला. एंटरचा आकार मात्र बघून घ्या, 'डॉक्टर'मधला ॉ एंटरच्या बरोब्बर वरच्या बटणावर येतो, काही बोर्डांवर एंटर मोठा असतो आणि ते बटण दुसरीकडे सरकतं, सवय मोडते.

ज्यावर अडून बसले ते हॉटस्वॅप. वायरलेस सोडलं, आरजीबी म्हणजे रंगीत दिवे सोडले, पण उद्या परत डी गेला तर चिमट्याने तेवढा स्विच उपटून नवा बसवता आला पाहिजे, सोल्डरिंग कोण करत बसणार. त्यातही विचारून घ्या, स्वस्तातल्या काही सॉकेटांत फक्त ओटेमूच्याच बारीक पिना जातात, बाकीचे बसत नाहीत.

शेवटी २,३०० ला वायरवाला घेतला. स्पेसबार खडखडत होता, कॅप काढून त्याखालच्या आधाराच्या तारेच्या टोकांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं, बराच गप्प झाला. कीकॅप्स एबीएस प्लास्टिकच्या आहेत, वापरून वापरून चकाकणारच, पीबीटी या जास्त टिकाऊ प्लास्टिकचा सेट घ्यायचाय पण तो पुढचं पेमेंट आल्यावर.