पंधरा भागिले सव्वीस

परवाच्या शनिवारी वागळे इस्टेटमधल्या एक बाई हिशेबाचा कागद घेऊन आल्या. कॉलेजात कामगार कायदे शिकवून निवृत्त झाल्यापासून शनिवारी मी मोफत सल्ला देते, तिथे. पॅकिंग खात्यात ११ वर्षे ७ महिने नोकरी, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. मालकाने ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना द्यायची एकरकमी रक्कम, काढली होती ७१,५०० रुपये.

"मॅडम, सही करू ना?"

पगाराला ३० ने भागलं होतं आणि वर्षे ११ धरली होती. भागायचं असतं २६ ने, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा अख्खं वर्ष म्हणून मोजायचा. १३,००० भागिले २६ म्हणजे रोजचे ५००. गुणिले दर वर्षामागचे १५ दिवस, गुणिले १२ वर्षे. ९०,०००. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

२६ च का? महिन्यातले चार रविवार वजा. गिरणी कामगारांना तो रविवार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मिळाला. वर्गात एवढं सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करायचे. एरवी कलमांनी त्यांना झोपच यायची, खोटं कशाला बोलू.

कॉलेज ठाण्यात, वर्ग सकाळी साडेसातला, घर कोपरखैरण्यात. २००४ मध्ये ट्रान्स हार्बर सुरू होईपर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याने बस, पहिल्या पाळीच्या गर्दीत उभ्याने. कुणीतरी विचारायचंच, "बाई, वर्षात कामाचे २४० दिवस भरले की नोकरीवरून काढता येत नाही म्हणे?" काढता येतं हो, पण महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार देऊन. माझं निम्मं शिकवणं त्या बसमध्येच झालं.

गंमत अशी की मी स्वतः 'कामगार' नव्हते. शिक्षक कायद्यातल्या त्या व्याख्येत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सांगितलं होतं. २००४ मध्ये त्याच न्यायालयाच्या निकालाने ग्रॅच्युइटीच्या कायद्यातूनही आम्ही बाहेर. १४ वर्षांनी, २००५ मध्ये, मी पहिलं कॉलेज सोडलं तेव्हा ऑफिसातल्या गृहस्थांनी त्या निकालाची झेरॉक्स पुढे सरकवली. समासात माझ्याच पेन्सिलीच्या खुणा! लायब्ररीला ती प्रत मीच दिली होती. काय बोलणार? कायद्याने ते बरोबर होते.

२००९ मध्ये शिक्षकांना आत घेऊन कायदा सुधारला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरून. मग मी माझाच अर्ज लिहायला बसले. दुसऱ्यांचे शेकडो लिहिलेले, आणि स्वतःच्या अर्जात रुजू झाल्याची तारीख चुकवली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या श्रम संहिता आल्या आणि माझ्या निम्म्या नोट्स रद्दीत गेल्या. पंधरा भागिले सव्वीस तेवढं टिकलं.

हे सगळं ऐकून बाई उठल्या, दारापर्यंत जाऊन थांबल्या.

"मग तुमचे मिळाले का, मॅडम?"

"मिळाले की."

"२६ ने भागून?"