मोकळ्या जागेचे पैसे

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधीच विचारतं, स्क्वेअर फुटाला किती. कुडाळात डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवून मला आता चौदा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट मात्र पक्की कळलीय की माणूस फुटावर पैसे मोजतो ना, तेव्हा त्याला प्रत्येक फूट भरलेला लागतो. दहा बाय आठचा बॅनर म्हणजे ऐंशी फूट, त्यातले पंधरा फूट मी कोरे ठेवले तर त्याच्या हिशेबाने मी त्याला सरळ सरळ गंडवलं. त्याचं पण काही चूक नाही म्हणा, अर्धं रिकामं तांदळाचं पोतं पूर्ण भावाने कोण घेईल.

हे आज लिहायला बसले त्याला कारण एक होमस्टेवाले, पण त्यांची गोष्ट नंतर सांगते, आधी गणपतीच्या भिंतीची सांगते कारण माझं सगळं तिथून सुरू झालं.

आमच्याकडे सिंधुदुर्गात गणपती बसतो त्याच्या मागची भिंत रंगवायची पद्धत होती, अजून काही घरांत आहे. कुणाकडे पेंटर यायचा, कुणाकडे घरातलीच पोरं. मी सातवीत असताना पहिल्यांदा ती भिंत माझ्या हातात आली आणि मला वाटलं आता दाखवूयाच. कैलास पर्वत, धबधबा, दोन मोर, नारळाची झाडं, उगवता सूर्य, कमळांचं तळं, खाली हत्तींची रांग, आणि कुठे बोटभर जागा राहिली तिथे फुलं. तीन दिवस खपले. आजी आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गो बाये, सगळा बरा केलंस, पण ह्येच्यात गणपती दिसतलो खंय?"

काकाने चुन्याचा कुंचला घेतला आणि माझ्या कैलासाच्या बरोब्बर मधोमध मूर्तीच्या अंगाएवढा एक पांढरा गोल मारला. मी रडून घर डोक्यावर घेतलं. पण चतुर्थीला गणपती बसला, वर माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला शहाळी, सुपाऱ्या, कवंडाळं लोंबायला लागली आणि मी खळ्यातून आत बघितलं तर पहिला गणपतीच दिसला, मग मोर, मग बाकीचं. कुणी काही शिकवलं नाही काकाला, त्याचं शिक्षण चौथी.

पुढे कळलं की याला फिगर आणि ग्राउंड म्हणतात, म्हणजे आकृती आणि तिच्या मागचं मैदान. एडगर रुबिन नावाच्या डॅनिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये एक चित्र छापलं, ते तुम्ही शंभर वेळा बघितलं असेल, मधे फुलदाणी आणि नीट बघितलं तर एकमेकांसमोर दोन चेहरे. दोन्ही एका वेळी दिसत नाहीत. डोळा एकाला पुढे घेतो आणि दुसऱ्याला मागे ढकलतो, त्याला ठरवावंच लागतं. माझ्या कैलासाने डोळ्याला ठरवूच दिलं नव्हतं.

आणि हे सगळं माहीत असूनसुद्धा मी पोटासाठी रोज काय करते, तर वाढदिवसाचे बॅनर.

वाढदिवसाचा बॅनर ही चीज लोक हसण्यावारी नेतात पण त्याचं व्याकरण फार कडक असतं हो. वर डाव्या कोपऱ्यापासून मोठे नेते, तेही गोलात आणि क्रमाने, एक जरी इकडचा तिकडे झाला तर रात्री अकराला फोन येतो. मधे उत्सवमूर्ती, गॉगल, पांढरा शर्ट, कटआउटला पांढरा स्ट्रोक आणि मागे शॅडो. खाली शुभेच्छुक, पासपोर्ट फोटोएवढे, चाळीस-पन्नास डोकी. कोण किती मोठा हे कुठेही लिहिलेलं नसतं, फोटोच्या मापावरून रस्त्याने जाणाऱ्याला कळतं. मी एकदा सहज प्राचीन इजिप्तची चित्रं बघत होते तर तिथे हेच, फारो केवढा आणि त्याच्या समोरचे कैदी, नोकर गुडघ्याएवढे. त्यांना चित्र काढता येत नव्हतं असं नाही, त्यांना मानाप्रमाणे माप द्यायचं होतं. नारमेरची शिळा पाच हजार वर्षांपूर्वीची आहे, तिच्यावरचा राजा बघा आणि आमच्या नाक्यावरचा बॅनर बघा.

गंमत म्हणजे आपल्या राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर एक कातळशिल्प आहे, जांभ्यात कोरलेलं, मधे माणूस आणि दोन बाजूंना दोन वाघ. किती हजार वर्षं जुनं यावर अभ्यासक बोलतायत, कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत वगैरे, पण मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, अरे हा तर आपला बॅनर! कारण आमच्याकडे प्रत्येक तिसऱ्या पोराला मागे वाघ हवाच असतो. फरक एवढाच की बारसूच्या माणसाने तीन आकृत्या कोरल्या आणि थांबला, शुभेच्छुक कोरले नाहीत.

बॅनरमधली अजून एक गोष्ट मला खटकते ती नजर. सगळे तुमच्याकडे बघतायत, पन्नासच्या पन्नास, त्यामुळे तुम्ही कुणाकडेच बघत नाही. आमच्या शेजारी पिंगुळीत चित्रकथी आहे, ठाकर समाजाची, सुट्या कागदांवरची चित्रं, कथा सांगणारा एकेक कागद पुढे धरतो. त्यात डोळे हे एवढे मोठे, आणि पात्रं बघतात ती एकमेकांकडे. रावणाकडे राम बघतोय म्हटल्यावर आपण पण आपोआप रावणाकडे बघतो, बोट दाखवायला लागत नाही. मागे कागद मोकळाच. जाहिरातवाले हेच करतात, बाळाचा चेहरा डब्याकडे वळवून ठेवतात म्हणजे आपली नजर घरंगळत डब्यावर जाते. मी हे एका गिऱ्हाइकाला समजावलं, तर तो म्हणाला ताई मी बाजूला बघितलं तर लोकांना वाटेल मी रुसलोय.

आता माझी स्वतःची चूक पण सांगते नाहीतर वाटेल मीच मोठी शहाणी. एका हॉटेलचं मेन्यूकार्ड केलं होतं, डाव्या कडेला पदार्थ आणि पार उजव्या कडेला रेट, मधे हातभर जागा, ओळी एकमेकींना चिकटलेल्या. स्क्रीनवर सुंदर दिसत होतं. आठवड्यात मालकाचा फोन, लोक भांडतायत, सोलकढीच्या रेटमधे बांगडा फ्राय मागतायत. झालं असं की पदार्थाचा रेट त्याच्यापासून लांब आणि खालच्या-वरच्या पदार्थाचा रेट त्याला चिकटून, मग डोळा आडवा जायच्या ऐवजी एक ओळ घसरतो. जे जवळ ते एकत्र असं डोळा धरून चालतो, मॅक्स वर्थायमर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२३ च्या लेखात नुसत्या ठिपक्यांच्या रांगा काढून हे दाखवलंय, दोन दोन ठिपके जरा जवळ आणले की आपण त्यांना जोड्या म्हणूनच बघतो, ठरवलं तरी वेगळं बघणं फार अवघड जातं. इथे मोकळी जागा होती, भरपूर होती, पण चुकीच्या ठिकाणी होती. परत छापून दिलं, फुकट. बांगडा अजून त्या हॉटेलात गेले की घशात अडकतो.

जागा बरोबर ठिकाणी कशी सोडायची ते बघायचं असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय बघा, खरंच बघा, आपण रोज बघतो म्हणून कधी बघत नाही. जयंतराव साळगावकर आपल्या मालवणचे, १९७३ साली त्यांनी ते सुरू केलं. त्याचा एक चौकोन घ्या. आकडा एवढा मोठा की चुलीजवळून चष्म्याशिवाय दिसतो, रविवार आणि सुट्टी लाल, म्हणजे वाचायच्या आधीच कळतं. जरा जवळ गेलं की तिथी, सण. नाक लावलं की अगदी बारीक अक्षरातली पंचांगाची माहिती, ती ज्याला हवी तोच वाचतो आणि त्याला नाक लावायला काही वाटत नाही. एका चौकोनात तीन अंतरांवरून वाचायची तीन कामं, आणि एक दुसऱ्याच्या पायात येत नाही. आणि एवढं सगळं छापूनही कडेला थोडी जागा उरतेच, तिथे माझी आई दुधाचा खाडा मांडायची, बाबा सिलिंडर लावल्याची तारीख लिहायचे, आणि मी पेनने परीक्षेपर्यंतचे दिवस खोडायचे. छापणाऱ्याने आमच्यासाठी मुद्दाम ठेवली होती की नाही ते सोडा, आम्ही ती वापरली. फुटावर पैसे घेणाऱ्या बाईला हे बघून पोटात दुखतं.

सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, पण असाच. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२०, सगळी गोल, लाखेची चकाकी असलेली. सत्तरच्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती कला राजवाड्यात परत उभी केली म्हणून आज आपल्याला बघायला तरी मिळते. हातात बारा-पंधरा पानं धरली की फक्त कडा दिसतात, म्हणून प्रत्येक अवताराच्या पानाचा बॅकग्राउंड रंगच वेगळा, अख्खं पान उघडायची गरज नाही. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाचे परशू, जितका आकडा तितके, नीट अंतर सोडून मांडलेले, मोजावे लागत नाहीत, आकारावरून कळतात. हे मी माझ्या मुलाला सांगत होते तर तो म्हणतो आई, हे ऊनोसारखंच आहे की. बरं, आहे.

तर आता ते होमस्टेवाले. तारकर्लीच्या रस्त्याने कधी गेला असाल तर माहितीच आहे, दर वीस पावलांवर बोर्ड, आणि प्रत्येक बोर्डावर निळा समुद्र, एक डॉल्फिन, एक स्कूबावाला अंगठा दाखवतोय, थाळीचा फोटो, एसी-नॉनएसी, तीन मोबाईल नंबर. त्यातले निदान अर्धे मीच केलेत, फोटो पण तेच, डॉल्फिन तर एकच आहे बिचारा, सगळीकडे तोच उडी मारतो. हे मच्छीमार, दोन खोल्या काढल्यात, बायको जेवण करते. म्हणाले त्यांच्यासारखाच करा पण उठून दिसायला पाहिजे.

मी म्हटलं काका, एकसारख्या यादीत जे वेगळं असतं तेच लक्षात राहतं, हेडविग फॉन रेस्टॉर्फ नावाच्या बाईंनी १९३३ मध्ये प्रयोग करून दाखवलंय, आणि १९६० च्या आसपास अमेरिकेत फोक्सवॅगनने एक जाहिरात केली, जवळजवळ अख्खं पान कोरं, वर कोपऱ्यात टिचभर गाडी, आणि खाली दोनच शब्दांत सांगितलं की लहान विचार करा, बाकीच्यांच्या लांबलचक चकचकीत गाड्या असताना लोकांनी तीच बघितली. काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉल्फिन नाय?"

डॉल्फिन नाही. आठ बाय चार, पांढराशुभ्र, डाव्या बाजूला खाली एक काळी सुरमई, नुसती रेष, आणि शेजारी तीन शब्द, जेवाण तयार आसा. खाली बारीक बाण आणि नंबर. प्रूफ बघून काका पाच मिनिटं गप्प. मग, "वैनी, ही एवढी जागा मोकळी कित्याक? पैसे तर पुऱ्या बोर्डाचे घेतलात." मी म्हटलं एक सीझन लावून बघा, नाही जमलं तर दुसरा फुकट करून देते, डॉल्फिनसकट. माझ्या नवऱ्याने आतून डोळे वटारले.

दिवाळीनंतर आम्ही त्या बाजूला गेलो होतो, म्हटलं बघून येऊ. वळणावरून लांबूनच दिसला, छातीच फुगली माझी. जवळ गेलो तर सुरमईच्या वर पॅरासेलिंगचा स्टिकर, त्याच्या बाजूला कुणाचा तरी रिक्षाचा नंबर, एक दशावताराच्या नाटकाचं पोस्टर, आणि मधोमध त्यांच्या मेव्हण्याचं स्कूबाचं फ्लेक्स, खिळ्यांनी ठोकलेलं, त्यावर डॉल्फिन. मी काकांना म्हटलं अहो हे काय झालं. काका जाळं नीट करत बसले होते, मान वर न करता म्हणाले, "मी काय करू, सगळे हयसरच येतत चिकटवूक. इचारलंय तर म्हणतत, आख्ख्या रस्त्यात तुमचोच बोर्ड पयलो दिसता."