पाल ते फैजपूर: पुढे कॅम्पर, मागे बंद जीप

दाजींच्या जीपचं हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) पालला उडालं. रेडिएटरचं झाकण काढलं तर आत दुधाळ तेल. पाल हे रावेर तालुक्यातलं सातपुड्यातलं गाव. गारवा, झाडी, सुकी धरण सगळं छान आहे, पण इंजिन उघडणारा माणूस भेटायचा तर खाली सावदा-फैजपूरलाच. क्रेनवाल्याने फोनवर भाव सांगितला तेव्हा दाजी म्हणाले, "एवढ्यात तर इंजिनच होईल की भो!" म्हणून आमच्या ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परमागे (राहायची सोय असलेल्या गाडीमागे) जीप लावून, चारही चाकं जमिनीवर ठेवून, खाली आणायचं ठरलं. गाडी आली, नीट आली. पण वाटेत तिने जो डुलण्याचा खेळ केला, त्यासाठी हे लिहितोय. त्या भागात अशी वेळ कुणावरही येऊ शकते.

आधी नियम. अमेरिकेत लोक मोटरहोममागे चालू कार जोडून शेकडो मैल हिंडतात आणि मागच्या कारला वेगळी ब्रेक यंत्रणा बसवतात. आपल्याकडे चालू गाडी अशी हौसेने ओढता येत नाही. ओढायची ती बंद पडलेली. तिच्या स्टिअरिंगवर परवाना असलेला माणूस हवा, दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि मागे 'ऑन टो'ची (गाडी ओढली जातेय अशी) पाटी हवी. आम्ही पुठ्ठ्यावर पाटी रंगवली, जीपची बॅटरी ठणठणीत होती म्हणून तिचे चारही इंडिकेटर चालू ठेवले आणि वेगाचा काटा विसाच्या पुढे जाऊ दिला नाही. मागे जीपमध्ये दाजी.

दोर वापरू नका, उतारावर तर मुळीच नाही. पुढच्याने ब्रेक मारला की मागची गाडी सरळ त्याच्या डिकीत. एकच सरळ रॉड असेल तर तो दोन्ही टोकांना फिरतो, त्यामुळे ब्रेक लागला की मागची गाडी आडवी व्हायला बघते. त्रिकोणी टो-बार (ओढायचा लोखंडी सांगाडा) जीपच्या बंपरला दोन ठिकाणी पकडतो आणि फक्त पुढच्या पिनवर फिरतो, म्हणून जीप आपसूक मागोमाग येते. ट्रॉली ओढायच्या एका जुन्या कामासाठी केलेला तसा बार आमच्याकडे होता.

गिअरबॉक्सचं काय करायचं हे मॅन्युअल बघूनच ठरवा. इंजिन बंद असताना चाकं फिरली की गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरत राहतो, पण आत तेल नीट उडेलच असं नाही. ऑटोमॅटिकमध्ये तर तेलाचा पंपच इंजिनवर चालतो, त्यामुळे ती अशी ओढायचीच नाही. आम्ही मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) डिफरन्शियलपाशी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यापाशी, सोडून वर तारेने बांधला आणि पुढच्या चाकांचा ड्राइव्ह लावला नाही. इथे एक गोम आहे. काही जुन्या जीपांचा हॅन्डब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की हॅन्डब्रेकची दांडी ओढून काही उपयोग नाही. शाफ्टच्या बोल्टला पाना लावायच्या आधी चाकांखाली दगड घाला.

पाल सोडल्यावर उताराची वळणं दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. दाजींना सांगून ठेवलं होतं की इंजिन बंद म्हणजे ब्रेकला व्हॅक्युमची मदत नाही; दोन-तीन दाबांनंतर पेडल दगडासारखं होईल. तेव्हा सारखं चेपत बसू नका, मी हॉर्न दिला की एकदाच जोर लावून दाबा. हे जमलं. त्रास सुरू झाला तो खाली सपाटीवर आल्यावर. रस्त्याला खड्डा आला की जीपचं नाक डावी-उजवीकडे हलायला लागायचं आणि ती हालचाल माझ्या स्टिअरिंगपर्यंत यायची. केळीचा भरलेला ट्रक शेजारून गेला की अजून जास्त. दाजींची समजूत अशी की ते जीप सावरतायत. खरं म्हणजे कॅम्परच्या मागच्या भागाकडे बघून ते स्टिअरिंग फिरवत होते आणि प्रत्येक वेळी क्षणभर उशिराने. त्रिकोणी बार असला तर मागच्याने स्टिअरिंगवर हात नुसते ठेवायचे. वळण पुढची गाडी घालते. दाजींनी हात सैल सोडल्यावर डुलणं निम्मं कमी झालं.

उरलेलं निम्मं खिरोद्याच्या अलीकडे, निंबाच्या सावलीत थांबून शोधलं. तिथे केळीच्या बागेत काम करणारा एक ट्रॅक्टरवाला आपणहून येऊन वाकला. त्याने बार धरून मागे-पुढे हलवला. टक्-टक् आवाज आला. "पिन बारीक पडली भाऊ. भोक मोठं अन् पिन लहान. दर झटक्याला जीप आधी सुटते, मग ओढली जाते." ट्रॉलीच्या पिनवर चढवायचा पाइपचा बुश (पोकळ तुकडा) त्याच्या टूलबॉक्समध्येच होता. तो चढवला, वर-खाली वॉशर भरले आणि लॉक लावलं. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

मग हवा पाहिली. जीपच्या पुढच्या डाव्या चाकात उजव्यापेक्षा हवा बरीच कमी होती. नायलॉन टायर बाहेरून फुगलेलाच दिसतो, त्यामुळे गेजशिवाय कळत नाही. गेज जवळ नसेल तर खाली येताच पंपावर थांबा.

बारही तिरका होता. कॅम्परचा हूक उंच, जीपचा बंपर खाली. पुढच्याने वेग कमी केला की जीप बारमधून कॅम्परची मागची बाजू वर उचलते आणि स्वतःचं नाक खाली दाबते, मग दोन्ही गाड्या हलक्या-जड होतात. बार शक्यतो जमिनीला समांतर हवा. तीन-चार इंचांहून जास्त फरक चालवून घेऊ नका. आमच्या हुकाच्या प्लेटला खाली भोकं होती म्हणून तो उतरवता आला. तशी सोय नसेल तर घरून निघतानाच वेल्डरकडून करून घ्या.

वजनाकडे सहसा कुणी बघत नाही. कॅम्परची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या पलीकडे आहे आणि ती भरलेली होती. वर जीपच्या ओढीचा भार तिथेच. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग तरंगतं. टाकीतलं पाणी बागेत सोडून दिलं, पोती आणि सिलिंडर पुढे आणले. दाजींनी पालहून घेतलेलं सामान जीपच्या मागे टाकलं होतं, तेही काढलं. जीपच्या मागे वजन म्हणजे तिची पुढची चाकं हलकी, आणि हलकी चाकं जास्त थरथरतात.

एवढं केल्यावर गाडी जवळजवळ शांत झाली. जवळजवळ, कारण मोठ्या खड्ड्यानंतर पुढच्या चाकांची थोडी थरथर राहिली. ती जीपचीच होती. सॉलिड ॲक्सलच्या (पुढची दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर असलेल्या) जुन्या गाड्यांत हे हमखास होतं. तपासायचं असं: पुढचं चाक जॅकवर उचला, वर आणि खाली पकडून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेकमध्ये खेळ गेला तर व्हील बेअरिंग ढिलं, तरीही राहिला तर किंगपिन (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती खीळ). डावी-उजवीकडे पकडून खेळ मिळाला तर टाय-रॉडचं (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचं) टोक बघा. दोन्ही टायरांमधलं अंतर ॲक्सलच्या उंचीवर पुढून आणि मागून टेपने मोजा. पुढचं अंतर मागच्याहून जास्त आलं तर चाकं बाहेर फाकलीत आणि गाडी रस्ता शोधत फिरणार. आमच्याकडे ब्रेक दाबूनही खेळ राहिला. रस्त्यावर त्याचा उपाय नाही. वेग अजून उतरवायचा, एवढंच.

सावद्यात बाजाराच्या दिवशी जाऊ नका. बस स्टँडजवळ अरुंद वळणावर समोरून केळीची ट्रॉली आली आणि मागे घ्यायची वेळ आली. टो-बार लावून रिव्हर्स घेता येत नाही. दोन-चार फुटांतच जीपची चाकं एका बाजूला पूर्ण वळतात आणि मग बार वाकतो. ट्रॉलीवाल्याला हात जोडून त्यालाच मागे जायला सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं, पण घेतली. सावदा-फैजपूर हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आहे. तिथे ट्रकांची रांग असते, म्हणून आमच्यासारखी दुपार न गाठता उजाडताच निघालेलं बरं.

फैजपूरला गॅरेजवाल्याने किंगपिनचं बेअरिंग काढून हातावर ठेवलं: गोळ्यांच्या जागी खाचा पडलेल्या. इंजिनला वेळ लागणार होता. १९३६ चं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन याच गावात भरलं होतं, याची आठवण दाजींनी वाट बघता बघता काढली, आणि मग आम्ही शेवभाजी खायला गेलो. जीप सोडताना लक्षात ठेवा: सपाट जागा, चारही चाकांना दगड, मगच पिन. ती ताणात असेल तर हातोड्याने ठोकू नका. कॅम्पर बोटभर मागे घ्या, मग सहज निघते.