अमेरिकेत होमस्कूलिंग: फुकटातलं काय घ्यावं आणि काय सोडावं

अमेरिकेत मुलांना घरी शिकवायचं म्हटलं की भारतातून पहिला प्रश्न खर्चाचा येतो. पुस्तकं, वर्कशीट, विज्ञानाचं सामान, सगळं विकत घ्यायचं तर किती डॉलर? खरं सांगायचं तर बालवाडीपासून आठवीपर्यंतचा जवळजवळ सगळा अभ्यास एक सेंटही न देता डाउनलोड करता येतो, आणि गडबड होते ती तिथेच. महिनाभरात लॅपटॉपवर फोल्डरांचा ढीग जमतो आणि मूल मात्र तीन ठिकाणच्या तीन पद्धतींनी बेरीज शिकत बसतं. त्यामुळे एका विषयाला एकच पूर्ण अभ्यासक्रम धरावा आणि बाकीचं कितीही चांगलं असलं तरी पूरक म्हणूनच वापरावं.

डाउनलोड सुरू करण्याआधी मात्र आपल्या राज्याचा कायदा वाचावा. होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. न्यू जर्सीत कुणाला कळवावंही लागत नाही. मात्र मुलाचं नाव आधीच सरकारी शाळेत असेल तर नाव काढत असल्याचं पत्र लेखी द्यावं, नाहीतर गैरहजेरी लागत राहते आणि शाळेकडून विचारणा सुरू होते. टेक्सासमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४च्या निकालापासून होमस्कूल ही खाजगी शाळाच मानली जाते. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व हे पाच विषय लेखी अभ्यासक्रमानुसार मनापासून शिकवले की झालं. न्यूयॉर्कमध्ये याच्या अगदी उलट. आधी घरी शिकवणार असल्याचं पत्र, मग वर्षाचा अभ्यास-आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षअखेर मूल्यमापन. पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तास भरले पाहिजेत, सातवीपासून ९९०.

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिथे दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि शिकवणाऱ्याकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या बरोबरीचं शिक्षण हवं. तेव्हा बारावीचं प्रमाणपत्र गावी ट्रंकेत ठेवून येऊ नका. दुसरी गोष्ट फायद्याची आहे आणि बरेच जण ती मागतच नाहीत: तुम्ही मागितलीत तर त्या वयोगटाची पाठ्यपुस्तकं आणि अभ्यासक्रम उसने देणं तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टवर (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर) कायद्याने बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी, इयत्ता आणि विषय स्पष्ट लिहावेत.

आणखी एक घोळ नेहमी होतो. ‘घरबसल्या फुकट शाळा, लॅपटॉपसुद्धा आमचाच’ अशा जाहिराती दिसतात, त्या बहुतेक ऑनलाइन सरकारी शाळांच्या असतात. शिक्षण फुकट हे खरं, पण कायद्याने ते होमस्कूलिंग नाही. हजेरी त्यांची, परीक्षा त्यांच्या, वेळापत्रकही त्यांचंच. काही घरांना नेमकं हेच हवं असतं. डिसेंबरात महिनाभर पुण्याला जाऊन यायचा बेत असणाऱ्यांना मात्र ते जाचक होतं.

आता साहित्य. सुरुवात संगणकापासून न करता गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयापासून करावी. घराचा करार किंवा विजेचं बिल आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवलं की कार्ड फुकट मिळतं. त्या कार्डावर लिबी ॲपमधून ई-पुस्तकं आणि ऑडिओबुक घेता येतात. तिथे लोकप्रिय पुस्तकांना रांग असते, म्हणून पुढच्या महिन्यात लागणारं पुस्तक आजच ‘होल्ड’वर टाकावं. हूप्ला या अशाच दुसऱ्या ॲपवर रांग नसते, पण महिन्याला किती गोष्टी घ्यायच्या याला ग्रंथालयाने मर्यादा घातलेली असते. लिबीत एकापेक्षा जास्त कार्डं जोडता येतात. न्यूयॉर्क राज्यात कुठेही राहत असाल तर न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं कार्ड मिळतं. गावातलं आणि हे अशी दोन्ही जोडली की रांगा बऱ्याच आटोपशीर होतात. बऱ्याच ग्रंथालयांत म्युझियमचे पासही उसने मिळतात. शनिवार-रविवारचे लगेच संपतात, पण होमस्कूलवाल्यांना मंगळवारी सकाळी जाता येतं.

इंग्रजी वाचन शिकवायला कोअर नॉलेज फाउंडेशनचा भाषा-अभ्यासक्रम हा आमच्या मते फुकटातला सर्वांत भक्कम पर्याय. शिक्षक-मार्गदर्शिका, वर्कबुक आणि वाचनपुस्तिका, सगळं पीडीएफमध्ये मिळतं. त्याचे दोन पदर आहेत. एक ‘स्किल्स’, म्हणजे वाचन-लेखनाचं तंत्र. दुसऱ्यात मोठ्यांनी वाचून दाखवायचं आणि मुलाने ऐकायचं. बालवाडीच्या ‘स्किल्स’चे १० युनिट आहेत आणि पहिल्या दोनांत मूल जवळजवळ काहीच वाचत नाही, फक्त आवाज ओळखतं, जोडतं, पेन्सिलीने रेघा ओढतं. मराठी आईबाप इथेच अधीर होतात आणि थेट तिसऱ्या युनिटवर उडी मारतात. मग ‘सी, ए, टी’ ही नावं पाठ असलेलं मूल ‘कॅट’ वाचायला अडतं, कारण आवाज जोडायचा सराव झालेलाच नसतो. हा अभ्यासक्रम आधी आवाज शिकवतो, अक्षरांची नावं बऱ्याच उशिरा. देवनागरीवर वाढलेल्यांना हे खरं तर सहज पटायला हवं, कारण ‘क’ वाचताना आपण कधी त्याचं वेगळं नाव घेतलं नाही. मार्गदर्शिकेतला पाठ वर्गासाठी आखलेला असतो. घरी एकट्या मुलाबरोबर तो निम्म्या वेळात होतो. उरलेल्या वेळात आणखी एक पाठ कोंबू नये, तोच मजकूर पुन्हा वाचून घ्यावा.

फुकटातला खरा खर्च छपाईचा. एका युनिटचं वर्कबुक १०० पानांचं धरलं तर दहा युनिटांची हजार पानं झाली. ग्रंथालयात काळ्या-पांढऱ्या पानाला १० सेंट लागले तरी १०० डॉलर गेले, तेही एकाच विषयाचे. म्हणून मार्गदर्शिका टॅबलेटवरच वाचावी, ती कधीही छापू नये. वाचनपुस्तिका दोन्ही बाजूंनी छापावी. वर्कबुकमधली फक्त लागणारी पानं छापून पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालावीत आणि वरून पुसता येणाऱ्या मार्करने लिहून घ्यावं. धाकट्यालाही तीच पानं चालतात. फक्त अक्षर वळवण्याची पानं कागदावरच हवीत, कारण गुळगुळीत प्लास्टिकवर मार्कर घसरतो आणि पेन्सिलीचा दाब मुलाला कळत नाही. दोन मुलं असतील तर रंगीत इंकजेटच्या नादी न लागता जुना का होईना, काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्यावा. इंकजेटची शाई नुसती पडून राहिली तरी वाळते.

गणितात ‘एंगेज एनवाय’ हा न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण खात्याने तयार करवून घेतलेला अभ्यासक्रम फुकट मिळतो. पुढे तोच ‘युरेका मॅथ’ या नावाने पसरला. प्रत्येक इयत्ता मॉड्यूलमध्ये विभागलेली आहे: पहिलीत ६, दुसरीत ८, तिसरीत ७. एका पाठात सुरुवातीचा वेगाचा सराव, एक शाब्दिक उदाहरण, मूळ संकल्पना, मग सोडवायचा संच आणि शेवटी ‘एक्झिट टिकिट’ ही छोटीशी चाचणी. ‘शेजाऱ्याशी बोला’ वगैरे सूचना वर्गासाठी आहेत, त्या सोडून द्याव्यात. संचातली गणितंही सगळी सोडवून घ्यायची गरज नसते. एक्झिट टिकिट मात्र कधीही टाळू नये. ती चुकली तर पुढचा पाठ दुसऱ्या दिवशी सुरू करायचा नाही, एवढं एक पथ्य पाळलं तरी वर्ष नीट जातं.

मराठी घरांत गणितावरून वाद होतात ते हातच्यावरून. कोणत्या इयत्तेत काय यायला हवं ते ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या कॉमन कोअर मानकांत उभ्या मांडणीची नेहमीची बेरीज-वजाबाकी चौथीत पक्की करायची असते, गुणाकार पाचवीत आणि लांब भागाकार सहावीत. त्याआधी दशक-एककाच्या चकत्या, संख्यारेषा, तुकडे करून बेरीज असलं सगळं चालतं. व्हिडिओ कॉलवर आजोबांनी दुसरीतल्या नातीला हातचा शिकवला की तिचं उत्तर बरोबर येतं, पण वर्कबुकमधला ‘कसं काढलंस ते चित्राने दाखव’ हा रकाना कोरा राहतो. हातचा शिकवू नये असं नाही. दशकांची फोड समजल्यावर शिकवावा, म्हणजे दोन्ही जमतं. पाढ्यांची अपेक्षा तिथे तिसरीअखेर ९ गुणिले ९ पर्यंतच आहे. तिसापर्यंतचे पाढे हवे असतील तर ते घरचं खातं. भारतात परतायचा विचार असेल तर लाख-कोटींचे स्वल्पविराम वेगळे शिकवा, कारण हे अभ्यासक्रम मिलियनमध्येच चालतात. सरावासाठी खान अकॅडमी उत्तम. १३ वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकाच्या खात्यातून उघडावं, म्हणजे कुठे अडतंय ते दिसतं. पण सहा वर्षांच्या मुलाला व्हिडिओसमोर बसवून गणित येत नाही. तिथे शेंगदाणे मोजायला घेतलेले बरे.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन वापरा. विद्युत मंडल जोडणं, तरंग, घर्षण, अपूर्णांक, सगळं ब्राउझरमध्ये चालतं. आधी मुलाला अंदाज लिहायला लावावा, मग माउस हातात द्यावा. नाहीतर तो नुसता खेळ होतो. चौथीच्या वयाच्या मुलांना राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ पास फुकट मिळतो, आणि होमस्कूलमधली १० वर्षांची मुलंही त्यात बसतात.

फुकट साहित्यातला मोठा वाटा ख्रिस्ती कुटुंबांनी उभा केलेला आहे. ‘ईझी पीझी’ आणि ‘अँबलसाइड ऑनलाइन’ ही ठळक नावं. मेहनत दांडगी, रोजचा पाठ आखलेला, पण बायबलही त्यातच. बायबलचा विषय वगळता येतो. इतिहास आणि विज्ञान मात्र आधी स्वतः चाळून घ्यावं, कारण काही ठिकाणी उत्क्रांती नसते किंवा पृथ्वीचं वय काही हजार वर्षं सांगितलेलं असतं. आसपासच्या को-ऑपमध्ये (होमस्कूल कुटुंबांनी मिळून मुलांना शिकवायच्या गटात) नाव घालण्यापूर्वी ‘स्टेटमेंट ऑफ फेथ’वर, म्हणजे धर्मश्रद्धेच्या निवेदनावर, सही लागते का, ते विचारा. आणि एच-४ व्हिसावर (म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर), कामाचा परवाना नसताना, को-ऑपमध्ये पैसे घेऊन शिकवू नये. ते काम धरलं जातं.

मराठीसाठी बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. पण इंग्रजीत वाढलेल्या आठ वर्षांच्या मुलाला तिसरीचं पुस्तक झेपत नाही, पहिलीपासूनच घ्यावं लागतं. त्याच्या जोडीला प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ ठेवावं. तिथल्या मराठी गोष्टींना चार पातळ्या आहेत आणि पुस्तकं उतरवून छापायची उघड परवानगी आहे. पहिल्या पातळीवर पानाला एखाद-दोन वाक्यं असतात, त्यामुळे वय मोठं आणि वाचन कच्चं अशा मुलांना कमीपणा वाटत नाही.

नववीनंतर चित्र बदलतं. पुस्तकं फुकट मिळत राहतात. राइस विद्यापीठाची ‘ओपनस्टॅक्स’ पुस्तकं तर थेट कॉलेजच्या तोडीची आहेत. परीक्षांना मात्र पैसे पडतात. एपी या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेसाठी होमस्कूलच्या मुलाला बसू देईल अशी शाळा आपणच शोधायची असते. पेपरांची मागणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवावी लागते, त्यामुळे शाळांना फोन ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू करावेत.

पुण्या-नाशकात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: कोअर नॉलेज, एंगेज एनवाय, खान, फेट, ओपनस्टॅक्स आणि स्टोरीवीव्हर भारतातूनही उघडतात. लिबी-हूप्लाला तिथल्या ग्रंथालयाचं कार्ड लागतं. आणि अमेरिकेतून परतणाऱ्यांनी एक फाइल जवळ ठेवावी: वर्षवार विषयांची यादी, वापरलेल्या पुस्तकांची नावं, तारखेसह कामाचे नमुने, आणि राज्याशी किंवा डिस्ट्रिक्टशी झालेला पत्रव्यवहार. होमस्कूलला शाळा सोडल्याचा दाखला नसतो, त्यामुळे इथल्या प्रवेशाच्या खिडकीवर हेच कागद पुढे करावे लागतात. शाळेत घालायचंच नसेल तर एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी आहे. तिला वयाची किमान अट १४ वर्षांची.