मोडेनाच्या माळ्यावर

सासूबाई सांगलीहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे म्युनिकला आल्या होत्या. "आई, इटलीत एका शेतावर राहायला जाऊ" म्हटलं, तर त्यांचा, म्हणजे पक्क्या शाकाहारी आणि अंडंही न खाणाऱ्या बाईंचा, पहिला प्रश्न, "तिथे मला खायला काय मिळेल?" "अहो इटली आहे ती, खाण्याला काय तोटा!" मी थाटात म्हणाले. ते पहिल्याच रात्री अंगाशी आलं.

ब्रेनरची खिंड ओलांडून संध्याकाळी आम्ही मोडेना प्रांतातल्या विन्योला गावाजवळच्या टेकडीवर पोचलो. जून महिना, चेरीची झाडं लगडलेली. घरात आजी, लेक, जावई, दोन नातवंडं, आणि मागे गोठा. अशा मुक्कामाला इटलीत 'ॲग्रितुरिझ्मो' म्हणतात. त्याचा पहिला कायदा १९८५ साली आला, आताचा २००६ सालचा आहे: पाहुणे खुशाल ठेवा, पण मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे. त्यामुळे मेन्यूकार्ड वगैरे काही नाही. घरात शिजेल ते पानात.

पानात आधी आल्या टम्म फुगलेल्या चौकोनी पुऱ्या, 'न्योक्को फ्रित्तो'. आईंचा चेहरा खुलला. मी आपली शंका म्हणून तळण कसलं ते विचारलं. डुकराची चरबी! मग ताल्यातेल्ले, म्हणजे पट्ट्यांसारखा पास्ता, त्यात अंडी. पार्मिजानो चीज तर वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय (दूध गोठवणाऱ्या पदार्थाशिवाय) बनतच नाही, नियमच तसा. आईंनी बीन्स, टोमॅटो आणि ताटभर चेरी खाल्ल्या. मी नि नवरा मात्र पुऱ्यांवर तुटून पडलो होतो. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी नोन्नाने (आजीला तिथे सगळे नोन्नाच म्हणतात) आईंना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. पोलेंता शिजवायला घेतला: मक्याचा रवा, पाणी, मीठ, आणि पाऊणएक तास ढवळणं. "अगं, ही तर उकड!" आई म्हणाल्या आणि तिच्या हातातला डाव काढून घेतला. एकीला मराठी, दुसरीला इटालियन. पण गुठळी झाली की दोघी एकाच सुरात हळहळत होत्या.

ह्या शेताचं दूध गावच्या सहकारी चीज-कारखान्यात जातं. सकाळी तिथेही गेलो. आदल्या संध्याकाळचं, साय काढलेलं दूध आणि सकाळचं ताजं दूध तांब्याच्या कढईत एकत्र होतं. चीजच्या चाळीसेक किलोच्या एका चाकाला साधारण साडेपाचशे लिटर लागतं. त्यात कालच्या चीजची निवळी घालतात, ती आज राखून उद्यासाठी ठेवायची. आई हळूच म्हणाल्या, "विरजण आहे हे. चव घेणार नाही, पण पद्धत आपलीच."

मला सगळ्यात आवडला तो नोन्नाच्या घराचा माळा. वर चढलं की आंबट-गोड वासाने नाक भरून जातं. मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडलेली लाकडी पिंपं: ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर. द्राक्षांचा रस आटवून त्यांत मुरत ठेवतात, त्याचं होतं बाल्सामिको, इथलं दाट, आंबट-गोड व्हिनेगर. दरवर्षी सगळ्यात लहान पिंपातून थोडं काढायचं, ते शेजारच्या मोठ्यातून भरायचं, आणि असं मागे मागे. माळाच का? उन्हाळ्याचा ताव आणि हिवाळ्याचा गारठा दोन्ही लागावेत म्हणून. किमान १२ वर्षं मुरल्याशिवाय त्याला पारंपरिक बाल्सामिको म्हणता येत नाही, आणि 'एक्स्ट्राव्हेक्यो'ला, म्हणजे खास जुन्याला, २५. सुपरमार्केटमध्ये मिळतं ते वेगळं, त्यात वाइन व्हिनेगर असतं आणि ६० दिवसांत विकता येतं. मी वर्षानुवर्षं तेच सॅलडवर ओतून स्वतःला दर्दी समजत होते!

नोन्ना म्हणाली, ही ओळ लेकीच्या जन्माच्या वेळी मांडली. पूर्वी इकडे मुलीच्या लग्नात अशी पिंपं द्यायची रीत होती. मी भाषांतर केलं. चमच्यावरचे काळेभोर दाट थेंब आईंनी जिभेवर घेतले, डोळे मिटले. "ह्यात काही नाही ना?"

"नाही हो आई. फक्त द्राक्षं."

"मग अजून दे म्हणावं तिला."

निघताना १०० मिलीची बाटली घेतली, १२ वर्षांवाली. किंमत ऐकून आईंनी ती परत ठेवायला लावली होती. मीच गपचूप पैसे दिले. आता ती सांगलीला आहे, कपाटात, केशराच्या डबीशेजारी. किल्ली आईंच्या कनवटीला.