पीव्हीसीच्या मशीनवर हॅलोजनमुक्त शीथ: माझा अनुभव

लॅन केबलची शीथ, म्हणजे बाहेरचं आवरण, पीव्हीसीऐवजी हॅलोजनमुक्त (क्लोरीनसारखी मूलद्रव्यं नसलेली) करायची होती आणि हाताशी होता पीव्हीसीवर चाललेला ६५ मिमी स्क्रूचा एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून केबलवर चढवणारं मशीन. कंपाउंड (प्लास्टिकचं तयार मिश्रण) बदललं, तापमान थोडं इकडेतिकडे केलं की झालं, असं वाटतं. तसं होत नाही.

या कंपाउंडमध्ये वजनाने ६० ते ६५ टक्के भुकटीच असते, बहुधा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची. बाकी ईव्हीए हे मऊ प्लास्टिक, पॉलिथिलीन आणि भुकटीला प्लास्टिकशी बांधून ठेवणारं थोडं मॅलेइक अ‍ॅनहायड्राइडचं पॉलिमर. आगीत ही भुकटी २०० अंशांच्या आसपास फुटते, स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३५ टक्के पाणी सोडते आणि उष्णता ओढून घेते. बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रू फिरतो त्या तापत्या नळीत, नेमका हाच गुण आड येतो. माल १८० च्या वर गेला की तिथेच पाणी सुटू लागतं आणि शीथ बुडबुड्यांनी भरते.

पहिली अडचण स्क्रूची. पीव्हीसीचा स्क्रू मालाला अडीचपट किंवा जास्त दाबणारा असतो, म्हणजे त्याच्या खाचा पुढे तितक्या उथळ होतात. त्यावर हा घट्ट माल घासूनच तापतो. हीटर बंद केले तरी मोटरचे अँपिअर आणि तापमान चढत राहतं. कंट्रोलर १५५ दाखवत होता, पण डायमधून (माल बाहेर पडतो त्या तोंडातून) पडलेल्या गोळ्यात सुई खुपसली तर १९०. कंट्रोलरला बॅरलचं लोखंड कळतं, माल नव्हे. १.२ ते १.५ पट दाबाचा स्क्रू टाकल्यावरच मशीन शांत झालं. बॅरलचे तापमान-झोन १३० अंशांपासून चढत डायला १६०, आणि बॅरलचे पंखे चालू हवेतच. स्क्रूपुढच्या बारीक जाळ्या काढून टाका; एक जाड जाळी पुरते.

बुडबुडे दोन कारणांनी येतात आणि दिसतात सारखेच. स्क्रूचा वेग निम्मा करून पाहा. कमी झाले तर दोष उष्णतेचा, तसेच राहिले तर ओलाव्याचा. पावसाळ्यात उघडी पडलेली गोण सरळ हॉपरमध्ये (मशीनवरच्या नरसाळ्यात) ओतू नये. ७० अंशांवर ३-४ तास सुकवावी.

डायही बदलावी लागते. पीव्हीसी ताणून घेते, हा माल घेत नाही. ड्रॉ-डाउन (डायमधून निघालेला माल केबलवर बसेपर्यंत किती पट ताणला जातो ते) १.५ च्या आत ठेवलं तेव्हा पृष्ठभाग गुळगुळीत आला. त्याहून जास्त ताणलं की त्वचा खरखरीत होते आणि वाकवल्यावर शीथ लांबीने चिरते. डायच्या तोंडावर पांढरी दाढी जमते, ती पितळी पट्टीने काढायची. पाण्याची पहिली टाकी ५० ते ६० अंशांची. एकदम गार पाण्यात घातलं तर ताण आतच अडकतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र सफाईला द्या. केबल जाळल्यावर किती आम्ल निघतं हे पाहणाऱ्या आयईसी ६०७५४-२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत १ ग्रॅम नमुना किमान ९३५ अंशांना जाळतात आणि निघालेला वायू पाण्यात घेऊन ते पाणी १ लिटर करतात. पीएच ४.३ च्या खाली किंवा वाहकता १० मायक्रोसीमेन्स प्रति मिमीच्या वर गेली की नमुना नापास. आता हिशेब पाहा: पीव्हीसी रेझिनमध्ये सुमारे ५७ टक्के क्लोरीन. मालात १ टक्का रेझिन मिसळलं तर १ ग्रॅममध्ये क्लोरीन साधारण ५.७ मिलिग्रॅम. ते सगळं आम्ल होऊन पाण्यात उतरलं तर पीएच ३.८ च्या आसपास. भुकटी थोडं आम्ल धरून ठेवेल, पण त्या भरवशावर माल पाठवता येत नाही.

म्हणून आधी एलडीपीई (साधं पॉलिथिलीन) घालून परजिंग करायचं, म्हणजे आतली जुनी पीव्हीसी ढकलून काढायची, मग स्क्रू बाहेर ओढून पितळी ब्रशने घासायचा. क्रॉसहेड (केबल ज्यातून जाते तो, डाय बसवलेला भाग) पूर्ण उघडायचं. नुसतं परजिंग केलं तर क्रॉसहेडच्या कोपऱ्यात पीव्हीसी राहते, तासाभराने करपते आणि शीथवर तपकिरी ठिपके येतात. हॉपर लोडरची नळी बहुतेक जण विसरतात. रंगाचं मास्टरबॅच, म्हणजे रंग भरलेले प्लास्टिकचे दाणे, हेही पॉलिथिलीन किंवा ईव्हीएवरचंच हवं. पीव्हीसीचं मास्टरबॅच दिसायला अगदी तसंच असतं, म्हणून ते या लाइनजवळ ठेवूच नये. टाकाऊ माल दळायचा ग्राइंडरही वेगळा, कारण पीव्हीसीचा एक तुकडा पात्यांत राहिला तरी पुढची अख्खी गोण संशयात.